घंटेच्या उलट्या दिशेला

एकोणतीस वर्षं या वाटेने जातो आहे.
वाट म्हणजे काय, ओहोटीत उघडा पडलेला समुद्राचा तळ.
एका आड एक रविवारी, सहा घरांच्या बेटावर,
पाठीवर प्रभुभोजनाचा द्राक्षारस, लोकरी मोज्यात गुंडाळलेला.
वाट दाखवायचा म्हातारा हार्रो. तो बोलायचा नाही,
मी बोलायचो. मार्चमध्ये त्याने अंथरूण धरलं.

आता त्याची नात, ग्योन्के. सतरा वर्षांची.
दृढीकरणाच्या वर्गात तिला आठवी आज्ञा आठवली नव्हती
आणि मी सगळ्यांदेखत तिला खाली बसवलं होतं.
तिच्या हे लक्षात आहे की नाही, ठाऊक नाही.
माझ्या आहे.

बांधावरच म्हणाली, "बूट काढा, पाळकसाहेब."
"पाणी गार आहे. माझे गुडघे..."
"गार आहेच," ती म्हणाली, आणि थांबून राहिली.
नाडीला नाडी बांधून मी बूट गळ्यात अडकवले.

अर्धं अंतर नीट गेलं. किड्यांनी काढलेल्या वाळूच्या वळ्या,
शिंपल्यांचा चुरा, तिरका पळणारा एक चिमुकला खेकडा.
मी तिला सांगत होतो, तिने पुढे काय शिकावं,
कुठल्या शहरात. ती हूं म्हणत होती,
आजोबासारखंच.

मग धुकं. आलं असं नाही,
आम्ही त्यात होतो.
मागचा बांध गेला, पुढचं बेट गेलं,
पुढे केलेला माझा हात मनगटाशी संपला.

आणि घंटा वाजली. आमची घंटा,
तडा गेलेली, मीच वर्गणी काढून सांधलेली,
शंभर घंटांत ओळखेन.
"ही काय, समोर!" मी निघालोच.

"थांबा."
ओरडली नाही ती.
"घंटा खरी आहे. पण मध्ये खाडी आहे,
एव्हाना भरायला लागली असेल.
घंटेकडे पाठ करा."

देवळाच्या घंटेकडे पाठ! आधी हसू आलं,
मग राग, मग नुसती भीती.
इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, ऐका आणि मागे चला.
मागे चालताना पोटात काय होतं
ते मात्र कधी सांगितलं नाही. माहीतच नव्हतं.
हार्रोच्या मागे मी कुठे चालत होतो?
त्याच्या शेजारून एक व्याख्यान चालत होतं.

"तुला कसं कळतं?"
"मला नाही, वाळूला कळतं. लाटांच्या रेघा बघा.
नाही, बघू नका. त्यांची उभी धार
कुठल्या बोटाला लागते?"

एकसष्ट वर्षांची बोटं, बुटात जन्म काढलेली.
आधी नुसता गारठा. मग काहीतरी.
"अंगठ्याला."
चूक की बरोबर, ती बोलली नाही. "परत," म्हणाली.
मी परत चाचपलं.
"करंगळीला."
"हां. आता ती करंगळीलाच ठेवा."

प्रार्थना केली का? करायला गेलो.
व्यासपीठावरची ती गोलाईदार वाक्यं एकही येईना.
करंगळी, करंगळी, एवढंच पुटपुटत राहिलो,
आणि कुणीतरी ऐकतं आहे असं वाटलं.
पोटरीपर्यंत पाणी असलं की तसं वाटत असेलही.

घंटा पाठीशी वाजली, मग डाव्या कानाशी,
मग एकदम डोक्यावर. गवत. दगडी पायरी.
ओल्या लोकरीचा वास, आणि ताडेनबाईंची मेंढी
आमच्याकडे बघत, रवंथ न थांबवता.

आत अकरा माणसं बसली होती.
खिशातला उपदेश भिजून लगदा झाला होता.
मी वर चढलो नाही. पहिल्या बाकावर
ग्योन्के पाय पुसत होती, तिच्याशेजारी टेकलो.

समोर बघतच ती हळू आवाजात म्हणाली,
"आठवी आज्ञा," आणि म्हणायला लागली.
मध्येच अडखळली.
पुढचा शब्द माझ्या ओठांवर आला होता.
मी थांबलो.
तिला तो सापडायला बराच वेळ लागला.

"परतीची ओहोटी उद्या सकाळी दहाला," ती उठताना म्हणाली.
बूट अजून माझ्या गळ्यातच होते.