सतरंजीची घडी

मतदान बुधवारी झालं
आणि रविवारी अंबडच्या आमच्या चर्चात कापणीचा सण.
वेदीपुढं बाजरीची कणसं, कापसाची चार बोंडं,
पाय बांधलेलं एक गावठी कोंबडं,
प्रार्थनेत मधूनच आमेन म्हणणारं,
आणि दानीएल बोर्डेंच्या बांधावरचा भोपळा,
दोन पोरांनी मिळून उचलून आणलेला.

युनीस आणि मी महिनाभर बोललो नव्हतो.
म्हणजे सलाम म्हणायचो,
दारात चपला काढताना, चपलांकडं बघत.

भांडण तसं पाण्यावरून सुरू झालं.
तिचा माणूस म्हणे नळ आणणार,
माझा म्हणे माणसाला माणसासारखं वागवणार.
"तत्त्वं हंड्यात भरता येतात का गं?" ती म्हणाली.
तिच्या गल्लीत दहा दिवसाआड टँकर.
माझ्या अंगणात बोअर.
हे मला तेव्हा सुचलं नाही.
सुचलं ते तिच्या पोराच्या दाखल्याचं:
कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, म्हणाले मी,
चहा वाटणाऱ्या पोरींसमोर,
आणि वर प्रभूचं नाव घेतलं,
जणू त्यानंच मला हा निरोप देऊन धाडलं होतं.
तसल्याच कागदावर माझ्या बापाला
शाळेत शिपायाची नोकरी लागली होती.
युनीसला ते माहीत होतं.
ती बोलली नाही.

पाळकसाहेबांनी ऐक्यावर उपदेश केला.
आम्ही दोघींनी माना डोलावल्या,
दोघींनाही वाटलं, हे दुसरीसाठीच चाललंय.

मग लिलाव.
कोंबडं साडेतीनशेला गेलं.
भोपळ्यावर युनीस म्हणाली, शंभर.
मला भोपळा आवडत नाही.
मी म्हणाले, दीडशे.
सहाशेपर्यंत लोक हसत होते, मग थांबले.
खजिनदार शामुवेल दुणकेंचा आवाज मात्र चढत गेला,
त्यांना छपराचे गळके पत्रे दिसत होते.
नऊशेला तिनं पदराची गाठ चाचपली आणि खाली बसली.
मी अकराशे म्हणाले. उगाच.
साडेनऊशेत भागलं असतं.

सतरंजीची पाळी नेमकी आमची होती.
यादी जानेवारीतच भिंतीला डकवलेली,
डकवणाऱ्याला काय ठाऊक.
वीस हात सतरंजी एकटीला आवरत नाही.
मी एकदा करून बघितलंय,
मध्ये पोट सुटतं, कडा जुळत नाहीत.
दोन टोकं तिनं धरली, दोन मी.
झटकली.
भुसा उडाला, टरफलं उडाली,
कुणाच्या तरी पैंजणातलं घुंगरू टणकन भिंतीला लागलं.
आणि घडी घालायची म्हणजे
समोरच्याकडं चालत यावं लागतं.
दुसरी रीतच नाही.

टोकं हातात देताना
तिचं बोट माझ्या बोटाशी आलं.
डाव्या तर्जनीवर शाई, तिच्या आणि माझ्याही,
नखाच्या मुळाशी काळी,
चार दिवसांच्या भांड्यांनी कडेला खरवडलेली.

"दाखल्याचं बोलायला नको होतं मी."
"नव्हतंच बोलायचं."
माफ केलं, असं नाही म्हणाली.
"नीट धर, सटकू राहिली."
मी नीट धरली.

मागं गेलो, पुन्हा जवळ आलो.
तिसऱ्या घडीला ती म्हणाली,
"मत मी त्यालाच दिलं. पुन्हाही त्यालाच देईन."
"नळ आला तर सांग."
"आणि तुझ्यावाला माणसासारखा वागला, तर तू सांग."
टोचलं.
माझंही तिला टोचलं असणार.
हसलं कुणीच नाही,
पण सतरंजी कपाटावर चढवताना
डुगडुगणारं स्टूल तिनं दोन्ही हातांनी धरलं,
मी खाली उतरेपर्यंत.

भोपळा अजून माझ्या ओट्यावर आहे,
अकराशे रुपयांचा, ढिम्म.
माझ्या विळीला तो ऐकत नाही.
शुक्रवारी येते म्हणालीय युनीस, कोयता घेऊन,
टँकरचा दिवस नसला तर.