एक स्क्रू उरतोच

आधी वायर भिंतीतून काढ.
वीज नसली तरी काढ.
आर्सेनियो सांगायचा. तो आता टाम्पाला असतो,
लोकांचे एसी दुरुस्त करतो
आणि फोनवर म्हणतो, एनेइदा, फेकून दे ते धूड,
मी नवा पाठवतो.
दोन वर्षं झाली, पाठवतोच आहे.

मिक्सर आईचा. बुडाशी रशियन अक्षरं,
आमच्यापैकी कुणालाच कधी वाचता आली नाहीत.
सोमवारी तो घरघरला, ठिणगी टाकली,
जळक्या केसांसारखा वास सोडला, आणि गप्प.
खालचा लेओविखिल्दो वर येऊन पाहून गेला.
म्हणाला, गेला हा.
त्याने स्वतः तीन पंखे मारलेत,
तेव्हा मला जरा आशा वाटली.

चार स्क्रू. तीन साध्या खाचेचे,
चौथा कसल्याशा तिकोनी डोक्याचा,
जसं काही कारखान्यात कुणीतरी ठरवलं होतं
की स्वयंपाकघरातल्या माणसाने आत डोकावू नये.
चमच्याचा दांडा जिन्याच्या पायरीवर घासत बसले.
पाऊण तास.
फिरला.

आत चाळीस वर्षांच्या आंब्यांचा वाळलेला राप,
मुंग्यांनी उठवलेलं एक गाव,
आणि मोटरच्या कुशीत अडकलेला
हिरव्या काचेचा मणी.

तो मी ओळखला.
माळ माझी होती, सात वर्षांची असताना.
मणी आर्सेनियोने विकला म्हणून
आईने त्याला पट्ट्याने मारलं होतं.
तो नाही म्हणत राहिला.
मी दाराआड उभी, आणि मलाही वाटत होतं
की यानेच.

मणी बशीत ठेवला. कामाला लागले.

कार्बन ब्रश झिजून तांदळाएवढा उरलेला.
बाजारात मिळत नाही, म्हणजे कशातच मिळत नाही.
पण रेडिओतला मेलेला मोठा सेल होता.
तो पक्कडीने सोलला, कणसासारखा.
पोटात काळी कांडी.
ती बाल्कनीच्या सिमेंटवर घासायची,
हळू, एका दिशेने, फुंकर मारत,
चौकोनी होईपर्यंत, स्प्रिंगमागे सुळकन जाईपर्यंत.
पहिली मोडली.
दुसरी जास्त घासली गेली.
तिसरीला शेजारच्या पोराचा सेल लागला,
त्याच्या बदल्यात मी त्याची गणितं सोडवली.
तांब्याची कडी खोडरबराने पुसली,
जी पुसत गेले तशी गुलाबी होत गेली.

सगळं पुन्हा बसवलं. एक स्क्रू उरला.
एक स्क्रू उरतोच.
आंबा चिरला, दुधाची पावडर टाकली,
वायर लावली, बटण दाबलं.
काही नाही.
पुन्हा दाबलं, धपाटा घातला,
रशियन अक्षरांना दोन स्पॅनिश शिव्या दिल्या,
मग खिडकीबाहेर पाहिलं.
अख्खं सिएनफुएगोस काळोखात होतं.
वीज सहा वाजताच गेली होती.
मी मेणबत्तीच्या उजेडात काम करत होते
आणि मेणबत्ती का लावली तेच विसरले होते.

झोपले.

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
स्वयंपाकघरात विमान उतरलं.
बटण चालूच होतं. झाकण नव्हतं.
आंबा छतावर, कॅलेंडरवर, माझ्या पापणीवर.
खालून लेओविखिल्दो ओरडला, काय झालं?
मी ओरडले, चालतोय!
आणि मग चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत
कोण विजेसाठी, कोण माझ्यासाठी,
टाळ्या वाजल्या.

सकाळी छत पुसण्याआधी
बशीतल्या मण्याचा फोटो काढून पाठवला.
खाली काही लिहिलं नाही.
लिहायला घेतलं होतं, तीनदा. खोडलं.

दोन निळ्या खुणा आल्या.
मग बराच वेळ तो टाइप करतोय, करतोय,
थांबतोय.
दुपारी उत्तर आलं, एका ओळीचं.

कार्बन कुठून आणलास?