चुरा

अल-ओबेदच्या बाजारात मी डिंक निवडतो.
उजवीकडे गोटे, अक्रोडाएवढे, न तडकलेले,
उन्हाकडे धरले तर आत कोरा चहा गोठल्यासारखे.
ते जहाजानं जातात. कुठे, ते इद्रिस दफाल्लाला ठाऊक.
डावीकडे चुरा, साल चिकटलेला, वाळू लागलेला.
मधोमध मी
आणि माझा खोकला.

औषधवाल्यानं दिवसाची मजुरी घेऊन लाल बाटली दिली.
पाठीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांत, शेवटून दुसरा,
आमचाच डिंक.
मी हसलो. हसण्याचाही खोकला झाला.

गुरुवारी गावाकडची लॉरी आली.
ड्रायव्हरनं मांडीवर पुरचुंडी टाकली:
जुन्या तोबेचा काठ, दातांनी आवळलेली गाठ.
आत चुरा. आणि तोंडी निरोप,
"रात्री भिजव, झाकून ठेव, सकाळी अनशापोटी पी.
साखर घालू नकोस. तू घालशील, मला माहीत आहे."

आईचं नाव तोमा.
आमच्यात जुळ्यातल्या मुलीला तोमा म्हणतात.
तिच्या जोडीची हगवणीत गेली, दोन वर्षांची असताना;
त्या साली घरात डिंकाचा खडा नव्हता,
करापायी सगळा विकला होता, चुऱ्यासकट.
असता तर वाचली असती का, कोण सांगणार.
पण तोमा चुरा विकत नाही.
पोट बिघडलं, डिंक. घसा धरला, डिंक.
बाळंतिणीला डिंक, मौसमी मुल्लाला डिंक,
एकदा तर शेजारच्या गाढवालासुद्धा.
गाढव अजून आहे.

पानं पिवळी पडली की ती हशाबाची साल सोलते,
दोन बोटं रुंद, हातभर लांब, त्याहून नाही.
पाणी पोटभर मिळालेलं झाड काही देत नाही, ती सांगते,
आणि तहानेनं मेलेलंही नाही.
मधलं ओळखता आलं पाहिजे.
मला कधी आलं नाही. म्हणून मी बाजारात.

रात्री रांजणातलं पाणी पेल्यात घेतलं, मूठभर चुरा टाकला,
वर बशी.
पहाटे पाणी धुक्यासारखं, चमच्याला जड,
एक सालपट तरंगत होतं, ते बोटानं काढलं.
चव म्हणाल तर नाहीच;
घशातून कुणी ओला हात फिरवावा, तेवढंच.

दुपारी पोती आली, धूळ आली, खोकलाही आला,
जरा उशिरा.
तळाशी थोडी वाळू उरली होती.
आणि साखर.