सव्वा बावीस

फायबरची होडी कुजत नाही, असं
नाट्याच्या बंदरात सगळेच म्हणतात.
मीही म्हणायचो, बिल लिहिताना.

'सबीना'च्या मागच्या फळीवर
हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेलो:
कडेला आवाज खणखणीत, सुक्या नारळासारखा,
मध्यावर बद्द,
आणि इंजिनाच्या बोल्टांखाली
ओल्या उशीवर थापटल्यासारखा.
कुल्सूमबीनं ऐकला.
तीस वर्षं लिलावात बसलेली बाई,
कल्ला न उघडता सुरमईचं वय सांगते.
तिला काही समजवावं लागलं नाही.

कटरनं कातडं सोललं.
आधी पाणी आलं, चहाच्या रंगाचं,
मग लाकूड,
बोटानं उकरलं तर चिंचेसारखं हातात येणारं.

चैत्र संपत आलेला.
दमट हवेत रेझिन नीट आळत नाही, म्हणून घाई;
तरी दोन दिवस आम्ही वाळूत बसून
नुसते बोलत राहिलो, आत काय घालायचं.

फणस घाल, म्हणाला तिचा दीर दिलावर.
माझ्या बापानं जन्मभर फणस कापला,
ऐनाचे वाक काढले, सांध्यांत कापूस ठोकला.
त्याच्या होडीचं दुखणं वरून दिसायचं.
फणस काचेच्या कातड्यात कोंडला
की फुगतो, आखडतो, कातडं सोडतो,
आणि कुणाला कळत नाही.
सागवान? त्याच्या अंगातच तेल,
रेझिन त्याच्यावर पाहुण्यासारखं बसतं, उठायच्या तयारीत.
रत्नागिरीचा एक पोरगा फोम दाखवून गेला,
पिवळा, हलका, खारीसारखा.
कुजणार नाही, म्हणाला. खरं आहे.
पण चाळीस घोड्यांचं इंजिन आवळलं
की बोल्टाखाली चेपणारच.
प्लास्टिकचा पाट समुद्र खात नाही,
रेझिनही त्याला धरत नाही.

कुल्सूमबीच्या मांडीवर कॅल्क्युलेटर.
"कुजत नाही ते चिकटत नाही,
चिकटतं ते कुजतं.
बरं. भाव सांग."

तेव्हा मी फळीचा कोरडा राहिलेला कोपरा
उगाच उलटा केला.
पेन्सिलीचा आकडा: २२।
पाव दाखवायला उभी रेघ.
बापानं शिकवलेली.
आता या किनाऱ्यावर तशी दुसरं कुणी मारत नाही.

अकरा वर्षं झाली.
नव्या कंप्रेसरचा हप्ता चालू होता.
बिलावर मरीन प्लाय लिहिलं,
आत घातलं ते स्लॅबच्या सेंटरिंगचं,
राजापुरात एका बांधकामावर उरलेलं.
आणि बोल्टांची भोकं:
ड्रिल मारलं, बोल्ट ठोकला, झालं.
भोकाच्या आतून रेझिन फिरवायला
पाच मिनिटं लागतात.
ती मी कुठं वाचवून ठेवली, आठवत नाही.

तुकडा खिशात घातला.
दुपारभर तो मांडीला टोचत राहिला.
संध्याकाळी तिच्यासमोर ठेवला, सगळं सांगितलं,
पाच मिनिटांसकट.
म्हणालो, या वेळी मजुरी नको.

तिनं तुकडा उन्हाकडे धरून पाहिला,
शिळं पापलेट पाहावं तसा.
"मजुरी घे," म्हणाली.
"फुकटच्या कामावर भांडता येत नाही."

शेवटी प्लायच आणलं, शिक्का वाचून.
शिक्क्यावर तिचा विश्वास नाही.
एक तुकडा भाताच्या टोपात टाकून
तिनं दिवसभर उकळला.
घरात लाकडाचा वास, नातवंडांची बोंब.
एकही पापुद्रा सुटला नाही,
तेव्हा पैसे मोजले.

नव्या फळीवर मी तोच आकडा घातला,
उभ्या रेघेसकट, पुढं नाव.
मॅट भिजली की काच होते,
जेलकोट चढेपर्यंत ते खालून दिसत होतं.

भोकं मोठी पाडली, इपॉक्सीनं भरली,
आळल्यावर त्यातच पुन्हा लहान पाडली.
मग आतून हात फिरवायला बसलो.
अंधार पडला होता.
कुल्सूमबी मोबाइलची बॅटरी धरून उभी.
चौथ्या भोकाशी मी ब्रश पुसायला घेतला,
तर वरून आवाज आला:
"अजून दोन मिनिटं आहेत."