वखारीतला दूत

निपाणीत, तंबाखूच्या रिकाम्या वखारीत
रात्री नऊनंतर आमचं ग्रीक नाटक उभं राहतं.
राजा बोलू लागला की कोरस शिंकतो.
तीस वर्षांची भुकटी अजून तुळयांत आहे.
दिग्दर्शक म्हणतो, शिंका, पण तालात.

राजा म्हणजे इरगोंडा, बिडीपानांचा व्यापारी.
खांबासारखा उभा राहतो, तेवढं राजाला पुरतं.
मी दूत. एकच प्रवेश.
मरण आत होतं, मी बाहेर येऊन सांगायचं.
दूताला दोष नसतो, हे मला आवडायचं.

दिवसा मी कोर्टाचा बेलीफ.
पिशवीत ताब्याचं वॉरंट: इरगोंडाचं घर,
सोमवारी, सकाळी अकरा.
वादी, त्याचीच विधवा भावजय.
दहा वर्षं न्हाणीशेजारच्या खोलीत काढली तिनं,
तिचं खोटं नाही.
अंथरुणाला खिळलेली आई ह्यानं एकट्यानं काढली,
त्याचंही नाही.
आज सांगितलं तर उद्या धारवाडच्या वकिलाकडं धावेल.
नाही सांगितलं तर
सोमवारी कुलूप माझ्याच हातात.
दोघांतलं एक जरी नीच असतं
तर मी रात्री जेवलो असतो.

"बोल," राजा म्हणाला, "काय पाहिलंस?"
मी मुखवट्याच्या आत. पुठ्ठ्याला डिंकाचा वास.
विंगेतून मल्लव्वा कुजबुजली, "हेळो, हेळो..."
तिला वाटलं, वाक्य विसरलो.

वाक्य होतं.
इरगोंडा पायरी उतरला, नाटकात नव्हतं ते,
खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला,
"पाणी पायजे काय रे?"