विरोधात नव्वद नाहीत

माझं काम मोजायचं.
एकवीस वर्षं पक्षाची डोकी मोजते आहे
ख्रिस्तियान्सबोर्गच्या तिसऱ्या मजल्यावर,
रेडिएटरवर ओले मोजे टाकून.
निकालाच्या रात्रीही मोजलीच,
बेकरीच्या तेलकट पिशवीवर:
आपले एक्केचाळीस,
शेतकरीवाल्यांचे बावीस,
हिरवे नऊ, त्यातली एक अजून तळ्यात-मळ्यात.
बेरीज बहात्तर.
नव्वद कुठे!

पण आमच्याकडे बाजूनं नव्वद लागत नाहीत.
विरोधात नव्वद नसले की झालं.
राज्य म्हणजे तरी काय,
कुणी उठून 'पुरे' म्हणेपर्यंत
चालू राहिलेली गोष्ट.
माझं लग्न असंच चाललं. एकोणीस वर्षं.

आस्गर ब्रोनलुंड आणि टोवे राउन.
दोघांना मी पाहिलंय होल्बेकच्या रस्त्यावर,
मार्चमधला वारा, विजेचे खांब,
दोघांत मिळून ॲल्युमिनियमची एक शिडी.
तो वर चढून तेव्हाच्या म्हाताऱ्या नेत्याचं पोस्टर बांधायचा,
ती खाली दोन्ही हातांनी शिडी धरायची.
म्हणायची, "वाकडं झालंय."
तो वरून, "माणूसच वाकडा आहे."
मग हसता हसता शिडी हलायची
आणि मी, पिशवीभर दोरी घेऊन उभी,
जीव मुठीत धरून.

पुढे म्हातारा गेला. खुर्ची एक उरली.
गेल्या सप्टेंबरात, बंद दाराआड,
चिठ्ठ्या मीच उलगडल्या.
तिला एकोणीस, त्याला सतरा,
आणि एका चिठ्ठीवर नाव नाही,
पेन्सिलनं काढलेला मासा.
बाद.
आस्गरनं तिचा हात हातात घेतला,
फोटोवाल्यांना लागतो त्याहून थोडा जास्तच वेळ.

निवडणुकीनंतर अकरा रात्री वाटाघाटी.
खिमा गार झाला, बीटाचे काप टेबलक्लॉथला लागले.
फेरोचा हानुस फोनवर एकच शब्द बोलायचा: बोगदा.
त्याला समुद्राखालून बोगदा हवा होता,
बाकी देशाचं काय वाट्टेल ते होवो.
दिला बोगदा.
असे एकेक करत अठरा जण मिळाले,
सत्तेत न येणारे, पण पाडणारही नाहीत असे.
एकशे एकोणऐंशीतून वजा करून पाहिलं, तीनदा.
समोर एकोणनव्वद.
काठावर म्हणजे किती काठावर,
एका माणसाच्या सर्दीएवढं.

अकराव्या रात्री टोवेनं आस्गरला मत्स्यखातं देऊ केलं.
तो खिडकीतून खाली कालव्याकडे बघत होता.
म्हणाला, "तो मासा कुणी काढला होता,
विचारलंस कधी?"
ती काही बोलली नाही.
मी पिशवीवरचे आकडे पुन्हा मोजू लागले,
मोजायचं काही उरलं नसताना.
खातं दुसऱ्याला गेलं.
सकाळी ती राजाकडे गेली, निळ्या कोटात,
एक बटण तुटलेलं. सांगायचं राहून गेलं.

फेब्रुवारीत अविश्वास आला.
हिरवं बटण, लाल बटण,
आणि पिवळं, ज्यांना काहीच म्हणायचं नाही त्यांच्यासाठी.
लाल दिवे पेटत गेले सरकारच्या बाजूनं,
हिरवे तिला घरी पाठवायला.
एकोणनव्वद. एकोणनव्वद.
आणि मागच्या रांगेत, खांबाशेजारी,
एकच पिवळा.
बरोबरीत ठराव पडतो.
टोवेनं मागे वळून पाहिलं नाही.
मान वळवायला निघाली होती, एवढं मी पाहिलं.

लोक मला विचारतात, त्यानं वाचवलं की डिवचलं?
मला काय माहीत.
मी डोकी मोजते, आतलं मोजायचं यंत्र
या इमारतीत कुठल्याच मजल्यावर नाही.

आज जुनं सामान काढायला होल्बेकच्या गॅरेजात गेले.
दोघांची पोस्टरं एकाच गठ्ठ्यात, तोंडाला तोंड लावून,
ओलीनं चिकटलेली.
सोडवायला गेले तर तिचा गाल त्याच्याबरोबर आला.
ठेवून दिली तशीच.
शिडी भिंतीला उभी होती.
एका पायरीवर पेन्सिलनं काहीतरी काढलेलं,
चष्मा गाडीत राहिला होता,
परत आणायला गेले नाही.