दहा सेकंद

सोहार बंदराच्या मागे, तिसऱ्या नळाच्या तोंडाशी
खलफान गाडीचे दिवे चालू ठेवतो.
मी बाटली तीनदा त्याच पाण्यानं विसळते,
चौथ्यांदा भरते, हवेचा बुडबुडाही न ठेवता.
पाणी नितळ. वास नाही.
धास्ती त्याचीच वाटते.

मग सहा काचपात्रं :
शंभर टक्के, पन्नास, पंचवीस, साडेबारा, सव्वासहा,
आणि एक निव्वळ समुद्राचं.
प्रत्येकात कोळंबीच्या जातीची दहा पिल्लं,
स्वल्पविरामाएवढी.
अठ्ठेचाळीस तास.

नियम असा, की दहा सेकंद हललं नाही
तर मेलं म्हणून लिहायचं.
मी अकरापर्यंत मोजते. कधी बारा.
त्याला तक्त्यात रकाना नाही.

आमच्या खाडीत बोयटं उताणी तरंगली तेव्हा
बाबा म्हणाले होते, उन्हानं असेल.
वरच्या कारखान्यात फिटर होते ते.
मेलेली कुणी मोजली नाहीत,
आम्ही त्या आठवड्यात डाळ खाल्ली.

पन्नास टक्क्यांत सात गेली.
साहेबांचा फोन येतो :
नमुना परत घ्या, भरतीला घ्या,
भरतीला पाणी कसं भरपूर असतं.
खलफान किल्ली बोटावर फिरवत उभा.
नळापासून अर्ध्या कोसावर
त्याच्या भावाची जाळी असतात.
तो काही विचारत नाही.

मी भिंगावर वाकते.
आठवं पिल्लू तळाशी पडलंय.
नऊ. दहा. अकरा.
एक पाय हलल्यासारखा वाटतो,
की टेबलाला माझाच हात लागला?